गेरूची रेघ

रविवारी माझी बहीण भामा म्हणाली, "विठू, ह्यो कंगवा बदलून आन. टोचतो."

मी कंगवा हातात घेऊन पाहिला. दाते झिजून बोथट झाले होते. टोचण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी पनवेलच्या बाजारातून नवा आणला. सोमवारी तोही टोचू लागला.

भामा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणतो. ती नेऱ्याला तिच्या मुलाकडे, धनेशकडे राहते आणि मी पनवेलला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी नेऱ्याला जातो आणि तिच्या पडवीत मुलांना शिकवतो. आठ मुलं गावातली, सहा डोंगराकडच्या वाडीतली. त्यांची हजेरी भामा घेते. ती लहानपणी शाळेत गेली नाही, कारण मी तेव्हा रांगत होतो आणि मला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. सत्तराव्या वर्षी ती मुलांच्या मागे पाट टाकून बसू लागली. दोन वर्षं गेली. आता चौदा नावं बोट ठेवून वाचते आणि एखादा 'हजर' म्हणाला नाही तर वर बघते.

बघते ती उजव्या डोळ्याने. डावा डोळा नऊ वर्षांची असताना गेला. मळणीत भाताचं कुसळ शिरलं, आठवडाभर घरचेच उपाय झाले आणि बुबुळावर पांढरा पडदा आला. तेव्हापासून तिचं सगळं जग उजव्या डोळ्यावर चालतं.

म्हणून सोमवारी ती उजवं कपाळ धरून "आतून जलतंय" म्हणाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना चष्म्याचाच संशय आला. धनेशचा रेती-खडीचा धंदा आहे. तो तिला ट्रकमध्ये पुढे बसवून पनवेलला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने नंबर तपासला. नंबर तोच होता. येताना औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी घेतली. गोळीने काही झालं नाही. पदर कपाळाला लागला तरी ती दचकायची.

"काय लागलंय का? पडलीस का?" मी विचारलं.

"पडलं असतं तं तुमाला सांगितलं नसतं काय? वारा लागला तरी भाजतंय. वरून तं काय दिसत नाय."

खरंच काही दिसत नव्हतं. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं. माणूस दुखतं म्हणतो आणि दुखण्याची जागा मात्र कोरी, हे मला कधी नीट समजलं नाही. शाळेत एखादं मूल असं सांगायचं तेव्हा मी मनातल्या मनात म्हणायचो, गृहपाठ झालेला नसणार. बायचा तर काही गृहपाठ नव्हता.

मंगळवारी दुपारी उजव्या भुवईच्या वर लाल ठिपके उठले. मी म्हणालो, लाल मुंग्या चावल्या. धनेशची बायको अंकिता म्हणाली, नवं तेल बाधलं. बुधवारी सकाळी त्या ठिपक्यांमध्ये पाणी भरलं होतं. मोत्यांसारखे फोड, घोसाने, भुवईपासून वर केसांत गेलेले. शेजारची रमा ताक मागायला आली आणि दारातच थबकली.

"अगो बाय, ही तं नागीन!"

"नागीण कमरेला होते," मी म्हणालो. "पट्ट्यासारखी. डोक्याला कशी होईल?"

मी हे इतक्या ठामपणे बोललो की रमा गप्प बसली. आता आठवलं की लाज वाटते. चाळीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला ठामपणाची सवय लागते. माहिती असो वा नसो, आवाज तोच निघतो.

रमा गप्प बसली खरी, पण घरी गेली नाही. ती काशिरामकडे गेली.

काशिराम शेजारच्या गावचा. माझ्याच वयाचा, शेती करतो आणि नागीण उतरवतो. त्याबद्दल कोणाकडून काही घेत नाही, चहासुद्धा नाही. तो आला, हात-पाय धुतले आणि भामासमोर बसला.

"गुरुजी बोलतात नागीन कमरंला होते," रमाने चुगली केली.

"नागीन वाट इचारून येते काय, गुरुजी?" काशिराम हसून म्हणाला. त्याने फोडांकडे बराच वेळ पाहिलं. "हे जुने फोड, भुवईकडचे, ही शेपूट. हे ताजे, मधी चाललेत, हे तोंड. तोंड डाव्या अंगाला निगालंय. पूर्न येढा घातला, तोंड नि शेपूट भेटली, तं मानूस ऱ्हात नाय. तोंडापुढं रेघ मारली की थांबते."

त्याने वाटीत गेरू कालवला आणि बोटाने नाकाच्या मुळापासून थेट भांगापर्यंत उभी लाल रेघ ओढली. कपाळाच्या बरोबर मध्ये. मग म्हणाला, "पाच दिवस पानी लावू नको. आनि दाक्तरची सुई घेऊ नको. सुईनं नागीन बिथरते, आत जाते."

मला ते पटलं नाही. पण मला दुसरं काही सुचतही नव्हतं. माझी मुंगी खोटी ठरली होती, अंकिताचं तेल खोटं ठरलं होतं. जो माणूस निदान नाव तरी सांगत होता, त्याला मी कुठल्या तोंडाने अडवणार?

गुरुवारी सकाळीच धनेशचा फोन आला. "मामा, लवकर या. थांबली!"

मी गेलो. मुलांना पानं दाखवायला माझ्याकडे एक भिंग असतं, ते घेऊन बघितलं. फोड वाढले होते. सरकत सरकत थेट गेरूच्या रेघेपर्यंत आले होते. पण रेघेपलीकडे एकही नव्हता. उजवं कपाळ भरलेलं, डावं साफ. जणू कोणी पट्टी लावून हिशोबाने काम केलं होतं.

"बगितलं ना?" भामा म्हणाली. उजवी पापणी सुजून निम्मी मिटली होती, पण आवाजात दोन दिवसांनी हुशारी आली होती. "आनि ह्ये बग. तोंड वळवलं तिनं. खाली चालली."

नाकाच्या शेंड्यावर, उजव्या बाजूला, एक नवा फोड आला होता.

"डोल्यापासून लांब चालली," धनेश म्हणाला. "आता उतरंल नि जाईल."

घरात आनंदीआनंद झाला. अंकिताने गोड शिरा केला. मीही शिरा खाल्ला. मुलांना मी आयुष्यभर एकच सांगत आलो: आधी बघा, मग बोला. आता मी स्वतः भिंग लावून बघितलं होतं. रेघ होती आणि फोड तिच्यापाशी थांबले होते. गेरूत असं काय असतं? तोच गेरू आम्ही कुंडीला लावतो, तुळशीच्या कट्ट्याला लावतो. कातडीखालून येणाऱ्या रोगाला वरची रेघ कशी कळते? कळत नसेल तर मग तो थांबला कसा? डोकं भंजाळून गेलं.

दुपारी मुलं आली. भामा आत पडून होती, म्हणून हजेरी मीच घेतली. मग पुस्तक मिटलं.

"आज मला एक गोष्ट कळत नाहीये," मी म्हणालो. "तुम्ही मदत करा."

मुलं सरसावून बसली. गुरुजींना कळत नाही, हे त्यांना फारच आवडलं.

मी फळ्यावर एक तोंड काढलं. एका बाजूला ठिपके, मध्ये रेघ. "रेघ मारली. ठिपके रेघेपाशी थांबले. मग रेघेने थांबवले का?"

"हो!" तेरा आवाज.

"प्रितम, का रे?"

"का म्हंजे काय गुरुजी, दिसतंय की! तुमीच बोलता, बगा नि बोला."

माझाच सोटा माझ्या पाठीत. मी म्हटलं, "बरं. आणखी कोणाच्या घरी नागीण झाली होती?"

तीन हात वर आले. प्रितमच्या आजोबांना बरगडीवर झाली होती. काशिरामने छातीवर मध्ये रेघ मारली आणि ती थांबली. मनस्वीच्या काकाला पाठीवर, मणक्यापर्यंत. तिथेही काशिरामचीच रेघ. मी फळ्यावर बायच्या नावाखाली दोघांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे रेघ काढली. झालं तर. तिन्ही वेळा रेघ, तिन्ही वेळा थांबली. आता मला काशिरामची माफीच मागायला हवी होती.

तिसरा हात वाडीच्या रूपाचा होता. ती दहा वर्षांची, बोलते कमी.

"आमच्या आजीला पोटाला झालती. बेंबीपरेंत आली नि थांबली."

"रेघ कुठे मारली होती?"

"नाय मारली."

"म्हणजे?"

"काशिरामबाबा आलाच नाय. ओढ्याला पानी होतं. बा बोलला, उद्या आनतो. मंग ती आपसूकच थांबली."

प्रितम म्हणाला, "आसं कसं? मंग तिला कुनी थांबवलं?"

"मना काय म्हाईत," रूपा म्हणाली. "थांबली तं थांबली."

मी रूपाच्या आजीचंही नाव लिहिलं, पण पुढे रेघ काढली नाही, जागा मोकळी ठेवली. मग चारही नावांकडे बघत राहिलो. छातीचा मध्य, मणका, बेंबी, कपाळाचा मध्य. रेघ असो वा नसो, ती माणसाच्या मध्याशीच थांबत होती. काशिराम जिथे रेघ मारत होता तिथे ती तशीही थांबणारच होती.

मला वाटलं, सुटलं गणित. खडू खाली ठेवला आणि मग बाकीचं लक्षात आलं. रेघेने काही केलं नसेल तर तीन दिवसांत बायसाठी कोणीच काही केलेलं नाही. मधली रेघ डाव्या बाजूला राखते, आणि डाव्या बाजूला राखण्यासारखा डोळाच नाही. तिचा डोळा उजवीकडे, फोडांच्या बाजूला आहे.

मुलांना सोडलं आणि आत गेलो.

"बाय, ऊठ. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आता कशाला? थांबली ना ती. सुई मारली नि आत डोल्यात शिरली तं?" तिने उजवा डोळा तळहाताने झाकला. "येक गेलाय, विठू. ह्यो बी घालवू नको."

धनेश म्हणाला, "मामा, बरं वाटतंय तिला. कशाला उगाच?"

नेहमीसारखं ठाम आवाजात समजावावं असं आलं होतं माझ्या तोंडाशी. पण मुंगीची आठवण झाली. मी तिच्या खाटेवर बसलो.

"बाय, मला कळत नाहीये. सुईने काय होतं ते मला माहीत नाही. रेघेने काही झालं नाही एवढं आज मुलांनी दाखवलं. पुढे काय, ते मला ठाऊक नाही, धनेशला नाही, काशिरामलाही नाही. ज्याला डोळ्यातलं कळतं त्याला एकदा बघू दे."

तिने हात काढला आणि सुजलेल्या पापणीखालून माझ्याकडे पाहिलं.

"तुना कलत नाय?"

"नाही."

"साठ वरसांत पयल्यांदा ऐकलं." ती पायात चपला शोधू लागली. "मंग चल. काय तरी मोठंच आसंल."

पनवेलच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि कपाळाकडे नाही, आधी नाकाकडे बघितलं.

"हा नाकावरचा फोड कधी आला?"

"आज सकाळी," धनेश उत्साहाने म्हणाला. "खाली उतरतेय ती, मॅडम. डोळ्यापासून लांब."

बाईंनी तो फोड पुन्हा नीट पाहिला. मग म्हणाल्या, "उलट आहे. नाकाच्या शेंड्याला जी नस जाते तिचाच फाटा डोळ्याच्या आत जातो. तिथे फोड आला म्हणजे ती नस आजारी आहे. डोळ्यालाही धोका आहे. पहिला फोड कधी दिसला?"

"मंगळवारी दुपारी."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पन्नास-बावन्न तास. औषध बहात्तर तासांच्या आत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. वेळेत आलात."

आम्ही सकाळी शिरा खाल्ला होता. धनेशने मान खाली घातली.

त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून यंत्रातून पाहिलं. बुबुळाच्या कडेला थोडा परिणाम दिसत होता, मध्ये अजून काही नव्हतं. विषाणूविरुद्धच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, डोळ्यात मलम, दुखण्याची वेगळी गोळी. सुई नव्हतीच. "दुकानातून स्वतःच्या मनाने कुठले थेंब आणून घालू नका," त्या म्हणाल्या. "काही थेंबांनी हे वाढतं. आणि दर दोन दिवसांनी दाखवायला या."

मी फळ्यावरचा प्रश्न त्यांना विचारला. मध्ये का थांबते?

त्यांनी कागदावर माणूस काढला. मला माझंच चित्र आठवलं. "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? बऱ्या झाल्यावर तो विषाणू जात नाही. मणक्याजवळ किंवा डोक्यात नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या नसेतून बाहेर येतो. म्हणून आधी नस दुखते, फोड नंतर येतात. आणि नसा उजव्या वेगळ्या, डाव्या वेगळ्या. उजवीकडची नस मध्यापर्यंतच येते, म्हणून फोडही तिथेच थांबतात. अगदी अशक्त माणसात जास्त पसरू शकतात. पण वेढा पुरा झाला की माणूस मरतो, असं काही नाही." मग भामाच्या कपाळाकडे बघून त्या किंचित हसल्या. "ही रेघ ज्याने मारली त्याला शरीराचा मध्य बरोबर ठाऊक आहे."

म्हणजे कंगवा खराब नव्हता. चष्माही नव्हता. दुखणं रविवारीच सुरू झालं होतं, फक्त ते दिसायला मंगळवार लागला.

निघताना त्या म्हणाल्या, "फोडांतल्या पाण्याने नागीण लागत नाही, पण ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा त्यांची लस घेतलेली नाही त्यांना कांजिण्या होऊ शकतात. लहान मुलं, गरोदर बाया दूर ठेवा, खपल्या धरेपर्यंत."

"नि माजी हजेरी?" भामाने विचारलं.

"कसली हजेरी?"

"चौदा पोरांची. ती कोन घेनार?"

कांजिण्या मलाही आठवत होत्या. दोघांना एकदमच झाल्या होत्या, एकाच गोधडीवर पडून होतो आणि ती मला कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत होती. तेव्हापासून तो पाहुणा दोघांच्या अंगात बसून आहे. तिचा उठला. माझा झोपलाय. नागिणीची लस असते असं बाईंनी सांगितलं, मी घ्यायचं ठरवलं आहे.

वर्ग मी देवळाच्या ओट्यावर हलवला. भामाच्या गोळ्यांसाठी पाटीवर पाच चौकोन आखून दिले. प्रत्येक गोळीला ती एक फुली मारायची. पहिले सहा दिवस वाईट गेले. उजेड सहन होत नव्हता, डोळा लाल, सगळं धुकट. चौथ्या दिवशी तिची फुली चौकोनाच्या बाहेर पडली. त्या दिवशी ओट्यावर मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. बाई म्हणायच्या, बघू, थांबा. थांबण्याशिवाय काही हातात नव्हतं. सातव्या दिवशी फुली पुन्हा चौकोनात आली.

तेराव्या दिवशी, खपल्या पडून गेल्यावर, काशिराम आला. हात-पाय धुतले, पण आत न येता पडवीतच बसला.

"मना रमानं सांगितलं. रेघंनं काय होत नाय बोलतात. खरं काय, गुरुजी?"

मी पाटी घेतली. माणूस काढला, मध्ये तुटक रेघ ओढली, एका बाजूने एक नस आणून त्या रेघेपाशी सोडली. ती पुढे का जात नाही ते सांगितलं. रूपाच्या आजीचंही सांगितलं. तो पाटीकडे बघत राहिला, मघाशी धुतलेले हात तसेच ओले गुडघ्यांवर.

"म्हंजे तीस वरसं," तो म्हणाला, "ती थांबनार होती तिथंच मी रेघ मारत होतो."

"हो."

"आनि मी सांगायचो दाक्तरकडं जाऊ नका." त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोनाचा डोला गेला आसंल काय, गुरुजी?"

"मला माहीत नाही, काशिराम."

खरंच माहीत नव्हतं. खोटं सांगून त्याला हलकं करावंसं वाटलं, पण समोर पाटी होती.

"लोक तं येनारच माज्याकडं," तो म्हणाला. "रेघ मारू का नको?"

"मारायचीच तं रिक्षात बसवून मार," आतून भामा म्हणाली. "दवाखान्याच्या वाटंवर."

आल्यापासून काशिराम पहिल्यांदा हसला. "मना काय काय सांगायचं ते लिवून द्या. मना वाचता येत नाय, पोरगा वाचंल."

मी वहीच्या पानावर लिहिलं आणि त्याच्याकडे देणार, तोच भामा बाहेर आली. कपाळावर लालसर वण होते, भुवईचे केस विरळ झाले होते. तिथे अजून आग होते, महिनोन् महिने राहू शकते असं बाईंनी सांगितलंय. तिने पान माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बोट ठेवलं.

"अंगाच्या एका बाजूला आग... नि मग पाण्याचे फोड... आले तर... तीन दिवसांच्या आत डॉक्टर." ती थांबली. डोळ्यातून पाणी आलं, ते पदराने टिपलं. "नाकाच्या... शें... शेंड्यावर फोड, तर त्याच दिवशी... डोळ्यांचा डॉक्टर."

"बराबर?" तिने मला विचारलं.

"बरोबर."

"'शेंड्यावर' लय बारीक लिवलंय," ती काशिरामच्या हातात पान देत मला म्हणाली. "उद्यापासून हजेरी मी घेनार. नावं जरा मोठी लिव."